ताइशो १, फेब्रुवारी २९: कॅलेंडरात नसलेला लीप दिवस

जपानी कॅलेंडरात ‘ताइशो १, फेब्रुवारी २९’ ही तारीख आहे का? कुठलाही प्रोग्रॅमर झटकन हिशेब मांडेल. ताइशो युग म्हणजे सम्राट ताइशो यांची कारकीर्द; तिचं पहिलं वर्ष म्हणजे १९१२. त्याला चारने पूर्ण भाग जातो, शंभरने जात नाही, म्हणजे लीप वर्ष. लीप वर्षात फेब्रुवारी २९ दिवसांचा. उत्तर: हो, आहे.

हिशेबात कुठेही चूक नाही, पण उत्तर साफ चुकलंय. सम्राट मेइजी ३० जुलै १९१२ ला वारले आणि ताइशो युग त्याच दिवशी सुरू झालं. त्या वर्षाचा २९ फेब्रुवारी पाच महिने आधीच होऊन गेला होता आणि तो नोंदला जातो मेइजी ४५ मध्ये. वर्ष लीप आहे, पण त्या वर्षाचा लीप दिवस ताइशोच्या वाट्याला आलेलाच नाही.

जपानमध्ये महिने आणि दिवस आपल्यासारखेच, जानेवारी ते डिसेंबर. सरकारी कागदपत्रांवर वर्ष मात्र सम्राटाच्या युगानुसार लिहायची पद्धत आहे. नवं युग सुरू झालं की आकडा पुन्हा एकवर येतो, मग तो दिवस वर्षाच्या मधला का असेना. १९८९ च्या जानेवारीचे पहिले सात दिवस शोवा ६४ चे आणि आठव्या तारखेपासून हेइसेई १. शोवा युगाचं पहिलं वर्षही सातच दिवसांचं होतं, २५ ते ३१ डिसेंबर १९२६.

युगाच्या वर्षावरून इसवी सन काढायला एक ठरलेला आकडा मिळवायचा: मेइजीला १८६७, ताइशोला १९११, शोवाला १९२५, हेइसेईला १९८८ आणि रेइवाला २०१८. मग नेहमीचा चार-शंभर-चारशेचा नियम लावायचा: चारने भाग गेला तर लीप, शंभरने गेला तर साधं, पण चारशेने गेला तर पुन्हा लीप. हा बेरजेचा टप्पा गाळून थेट युगाच्या वर्षाला चारने भागलं तर काय होतं? हेइसेईत काहीच बिघडत नाही. १९८८ ला चारने भाग जातो, त्यामुळे हेइसेई ४, ८, १२ अशी सगळी लीप वर्षं चारच्या पाढ्यात बसतात. हेइसेई १२ म्हणजे सन २०००, तेही चारशेच्या नियमाने लीपच. म्हणजे ज्याने चुकीचा कोड लिहिला, त्याला तीस वर्षं बरोबर उत्तरं मिळत राहिली असती. रेइवा येताच तोच कोड तोंडघशी पडतो, कारण रेइवाची लीप वर्षं २, ६ आणि १०; चारने भागल्यावर बाकी दोन. शोवात बाकी तीन यायची, ताइशोत एक. मेइजीतही एकच, पण तिथे मेइजी ३३ म्हणजे १९००, आणि शंभरच्या नियमामुळे ते साधं वर्ष. प्रोग्रॅम तपासायला घेतला तर मी पहिल्यांदा मेइजी ३३ टाकून बघेन.

या १९०० ची गोष्ट मजेशीर आहे. जपानने आजचं जानेवारी-डिसेंबरचं युरोपीय कॅलेंडर १ जानेवारी १८७३ पासून स्वीकारलं, पण त्यासाठी निघालेल्या फर्मानात दर चार वर्षांनी लीप वर्ष एवढंच म्हटलं होतं. शंभरचा अपवाद राहूनच गेला. १९०० तोंडावर आलं तेव्हा, १८९८ मध्ये, सम्राटाच्या आज्ञेने दुरुस्ती झाली. आज्ञेत इसवी सनाचा उल्लेखही नाही. दंतकथेतले पहिले सम्राट जिम्मू यांच्या राज्यारोहणापासूनची वर्षं मोजा. त्या आकड्याला चारने भाग गेला तर लीप वर्ष. मात्र त्यातून ६६० वजा करून उरलेल्याला शंभरने भाग जात असेल आणि भागाकाराला पुन्हा चारने भाग जात नसेल, तर साधं वर्ष. करून पाहा: १९०० म्हणजे जिम्मू वर्ष २५६०, त्याला चारने भाग जातो. ६६० वजा केले की १९००, शंभरने भागून १९, आणि १९ ला चारने भाग जात नाही. पाहुण्याचा नियम घरच्या आकड्यांत बसवला तो असा!

हे आपल्यालाही परकं नाही. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ तारीख ऐकू येते ते आपलं राष्ट्रीय कॅलेंडर १९५७ पासूनचं. त्यातही शके वर्षात ७८ मिळवायचे आणि मग तोच चार-शंभर-चारशेचा नियम लावायचा. लीप वर्ष असेल तर चैत्र २१ मार्चला सुरू होतो आणि ३१ दिवसांचा असतो. जपानने ६६० वजा केले, आपण ७८ मिळवले.

१८७३ च्या मागे गेलं की लीप दिवस नावाचा प्रकारच संपतो. जुनं जपानी कॅलेंडर चांद्र-सौर होतं, त्यात जादा दिवस नव्हे तर जादा महिना यायचा. तो कधी घालायचा याचा नियम आपल्या अधिक महिन्याचाच: ज्या चांद्र महिन्यात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही तो अधिक. फरक इतकाच की त्यांच्या राशी सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेल्या, आणि आपल्या पंचांगाच्या निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या. मेइजी ६ मध्ये असा महिना येणार होता, म्हणजे नोकरांना तेरा पगार, आणि सरकारची तिजोरी रिकामी. मेइजी ५ च्या अकराव्या महिन्यात फर्मान काढून, जेमतेम तीन आठवड्यांच्या मुदतीत, नवं कॅलेंडर लागू झालं. बाराव्या महिन्याचे दोनच दिवस झाले. तिसरा दिवस थेट मेइजी ६ चा १ जानेवारी. तेरावा पगार वाचला, शिवाय दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही. खजिन्याची काळजी वाहणाऱ्या ओकुमा शिगेनोबु यांनी पुढे आपल्या आठवणींत पैशाचं हे कारण सांगितलं आहे.

सॉफ्टवेअरमध्ये या सांध्यापाशी दोन तऱ्हा दिसतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतली जपानी तारीख मेइजी ६ च्या आधी जायला चक्क नकार देते. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेतलं जपानी कॅलेंडर ८ सप्टेंबर १८६८ पासून सुरू होतं आणि आजचंच कॅलेंडर मागे ताणतं, म्हणून त्याच्या हिशेबात मेइजी ५ हे लीप वर्ष ठरतं. युरोपात २९ फेब्रुवारी १८७२ होती, तेव्हा जपानी माणसाच्या लेखी तो पहिल्या महिन्याचा एकविसावा दिवस होता. मला जावाचा नकार जास्त प्रामाणिक वाटतो.

डॉट नेटमध्ये तारीख लीप दिवस आहे का हे सांगणारं तयार फंक्शन आहे. त्याला वर्ष, महिना, दिवस आणि युग द्यायचं. स्वतः लिहायचं झालं तर गाभा असा:

सन = युगवर्ष + युगाचा ठरलेला आकडा
जर सन लीप नसेल, तर नाही
जर महिना २ आणि दिवस २९ नसेल, तर नाही
जर तारीख युगाच्या सुरुवातीच्या आधी किंवा शेवटानंतर असेल, तर ती तारीखच चूक
नाहीतर हो

बहुतेक जण चौथी ओळ विसरतात, आणि ताइशो १ तिथेच अडकतं. ही ओळ लिहायची तर युगांच्या तारखा कोडमध्ये खिळे ठोकून बसवू नयेत, बाहेरच्या तक्त्यात ठेवाव्यात. रेइवा हे नाव १ एप्रिल २०१९ ला जाहीर झालं आणि युग १ मेपासून सुरू झालं. तक्ता बदलायला सगळ्या जगाला एक महिना मिळाला. या दोन अक्षरी नावाचं एका चौकोनात बसणारं चिन्ह घालण्यासाठी युनिकोडची, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीची, १२.१ ही आवृत्ती काढावी लागली. त्या आवृत्तीत नवं असं ते एकच चिन्ह होतं.

लीप दिवस आजही दगा देतो. रेइवा ६ च्या २९ फेब्रुवारीला, म्हणजे २०२४ मध्ये, निइगाता, कानागावा, ओकायामा आणि एहिमे या प्रांतांत वाहन परवाने देणारी यंत्रणा अडली आणि परवाने छापता येईनात.

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं वय मोजताना मात्र हा सगळा खटाटोप करावा लागत नाही. १९०२ च्या कायद्यानुसार जपानमध्ये माणसाचं वय वाढदिवसाच्या आदल्या दिवसाच्या शेवटी वाढतं. त्यामुळे अशा मुलाला दर वर्षी २८ फेब्रुवारी संपता संपता नवं वर्ष लागतं, लीप असो वा नसो. याच नियमामुळे १ एप्रिलला जन्मलेलं मूल ३१ मार्चलाच सहा वर्षांचं होतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गातलं सगळ्यात लहान मूल म्हणून शाळेत दाखल होतं.