जागा राखीव की मतदार राखीव?

आमच्या ओळखीच्या एक बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतात. शिक्षक आमदारकीची निवडणूक आली की त्यांचा पारा चढतो. "मी एवढी वर्षं वर्गावर उभी, आणि शिक्षक मतदारसंघाच्या यादीत माझं नाव नाही. आणि ज्याने जन्मात खडू धरला नाही, तो उमेदवार!" त्यांच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना वाटत होतं की अनुसूचित जातींसाठी जशा विधानसभेच्या जागा राखीव, तशी विधान परिषदेची ही जागा शिक्षकांसाठी राखीव. घोळ तिथेच आहे.

राखीव जागेत अट उमेदवाराला असते. महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांपैकी 29 अनुसूचित जातींसाठी आणि 25 अनुसूचित जमातींसाठी आहेत. तिथे उभं कोणी राहायचं ते ठरलेलं, पण मत मात्र त्या मतदारसंघातले सगळे देतात.

शिक्षक मतदारसंघात हेच उलटं. घटनेच्या कलम 171 नुसार विधान परिषदेच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढे सदस्य शिक्षकांनी निवडायचे असतात, आपल्याकडे 78 पैकी 7. अट आहे ती मत देणाऱ्याला: माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवणं, तेही गेल्या 6 वर्षांत मिळून किमान 3 वर्षं. म्हणून प्राथमिकच्या बाई बाहेर. उमेदवाराला काय लागतं? वय 30 पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. शिक्षक असण्याची अट नाहीच. पदवीधर मतदारसंघाच्या 7 जागांचंही तसंच. मद्रासमधल्या अशाच एका जागेवरून खटला उभा राहिला. निवडून आलेला माणूस पदवीधर नाही म्हणून उच्च न्यायालयाने निवड रद्द केली. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. घटनेने मतदार पदवीधर असावा म्हटलंय, उमेदवार नव्हे.

वाचायला हे विनोदी वाटतं, पण आमदाराने कोणाची मर्जी राखायची हे त्यावरच ठरतं. राखीव जागेवरच्या आमदाराला आपल्या समाजाबाहेरची मतं मिळवावीच लागतात, कारण बहुतेक ठिकाणी निव्वळ स्वतःच्या समाजाच्या मतांवर तो निवडून येऊच शकत नाही. शिक्षक आमदाराला बाहेरच्या कोणाची पर्वा करायचं कारण नाही. जुनी पेन्शन, विनाअनुदानित शाळांच्या अनुदानाचा पुढचा टप्पा, रखडलेला पगार, एवढं लावून धरलं तरी पुरे. स्वतः शिक्षक असो वा नसो, बोलावं त्याला शिक्षकांसाठीच लागतं.

1932 मध्ये येरवड्यात नेमका हाच पेच होता. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले होते, म्हणजे मतदारच वेगळे. गांधीजींचं उपोषण, मग पुणे करार: मतदारसंघ संयुक्त, फक्त जागा राखीव. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा 71 वरून 148 झाल्या, पण निवडीची किल्ली सर्वांच्या हाती गेली. दुसऱ्यांच्या मतांवर निवडून आलेला आपल्यासाठी कितपत भांडेल, ही बाबासाहेबांची शंका पुढेही गेली नाही. आकडा दुप्पट झाला, म्हणून त्या करारात फायदाच झाला असं मोजणं मला तरी पटत नाही.

1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताची 175 जागांची विधानसभा ठरवली, तेव्हा दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसले. सर्वसाधारण 114 जागांमध्ये 15 अनुसूचित जातींसाठी आणि 7 चक्क मराठ्यांसाठी राखीव, पण मत सर्वसाधारण मतदारांचं. त्यांच्याबाहेर वाणिज्य-उद्योगाला 7, कामगारांना 7, जमीनदारांना 2 आणि विद्यापीठाला 1 जागा, मत फक्त त्या-त्या गटाचं. गिरणीमालक आणि गिरणी कामगार एकाच सभागृहात, आपापल्या मतदारांच्या जोरावर! स्वातंत्र्यानंतर धंद्यांच्या या जागा गेल्या. उरले ते शिक्षक आणि पदवीधर.

हाँगकाँगमध्ये मात्र त्या आजही आहेत. तिथल्या कायदेमंडळाच्या 90 पैकी 30 जागा व्यवसायगटांच्या: विमा, वाहतूक, बांधकाम, शेती-मासेमारी वगैरे. काही गटांत माणूस नव्हे, कंपनीच मतदार असते आणि तिचा प्रतिनिधी मत टाकून येतो. तिथे उमेदवाराचाही त्या व्यवसायाशी संबंध लागतो, म्हणजे कुलूप दोन्ही दारांना.

इतकं लांब जायचं नसेल तर तालुक्याच्या बाजार समितीची मतपत्रिका बघा. ती कायदेमंडळ नाही, पण खेळ तोच. सोसायटी गटात (म्हणजे गावोगावच्या शेती-कर्जाच्या सहकारी सोसायट्या) महिलांच्या 2 जागा: उभ्या महिलाच राहणार, मत सोसायट्यांचे सगळे संचालक देणार. आणि हमाल-तोलारी (ओझी वाहणारे आणि माल तोलणारे) गटाची 1 जागा: तिथे मत फक्त परवानाधारक हमाल-तोलारांचं. बाईंना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हमालाला मत आहे आणि पहिलीच्या मास्तरणीला नाही!"