हवेच्या प्रदूषणाचा खर्च: ७.७ टक्के की ०.८४?

हवेच्या प्रदूषणामुळे देशाला किती फटका बसतो, याचे आकडे आता वरचेवर येतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. २०१३ या वर्षासाठी भारताचे दोन आकडे एकाच आंतरराष्ट्रीय अहवालात शेजारी शेजारी होते. एक सुमारे ५०५ अब्ज डॉलरचा, म्हणजे जीडीपीच्या ७.७ टक्के. दुसरा सुमारे ५५ अब्ज डॉलरचा, म्हणजे ०.८४ टक्के. हवा तीच आणि मृत्यूंचा अंदाजही तोच. मग नऊपट फरक आला कुठून?

या हिशेबाची सुरुवात धुण्याच्या बिलापासून झाली. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात धुरामुळे वर्षाला सुमारे ९९ लाख डॉलरचं नुकसान होतं, असं मांडलं गेलं. वारंवार धुवावे लागणारे कपडे, काळवंडलेल्या भिंतींना पुन्हा रंग, गंजलेले पत्रे, भरदुपारी दुकानात लावावे लागणारे दिवे, असं सगळं त्यात होतं. तो धूर ज्यांच्या छातीत जात होता, त्यांच्या आजारपणाचा खर्च मात्र नव्हता. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरकं बसलं. तेव्हा सुमारे ४,००० जण दगावल्याचं मानलं गेलं. नंतरच्या अभ्यासांनी हा अंदाज १२,०००पर्यंत नेला. चौकशी समितीने १९५४ मध्ये देशाचं वार्षिक नुकसान २५ कोटी पौंड धरलं आणि १९५६ मध्ये कायदा आला.

मृत्यूचा आकडा हिशेबाच्या मध्यभागी आला तो बराच नंतर. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या ८,०००हून अधिक प्रौढांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष आले. सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला आणि सूक्ष्म कणांशी त्याचा घट्ट संबंध दिसला. तेव्हापासून मृत्यू किती हे बऱ्यापैकी सांगता येऊ लागलं. त्या मृत्यूंचे पैसे कसे लावायचे, यावर वाद मात्र आजही मिटलेला नाही.

जुनी पद्धत सरळ होती: माणूस जगला असता तर किती कमावता, तेवढं नुकसान. ०.८४ टक्के आले ते या वाटेने. दुसरी पद्धत १९६०च्या दशकात पुढे आली. तिच्यातली मुख्य संज्ञा म्हणजे ‘सांख्यिकीय आयुष्याचं मूल्य’. हे नावच घोळ घालतं. ही कुणा एका माणसाच्या जिवाची किंमत नव्हे. समजा, १०,००० लोकांपैकी एकाला मृत्यूचा धोका आहे आणि तो टाळायला प्रत्येक जण ५०० डॉलर मोजायला तयार आहे. एकूण ५० लाख डॉलर झाले; एक मृत्यू टळण्याचं मूल्य तेवढं धरायचं. ७.७ टक्के यातून आले. म्हणून ते ‘जीडीपीतून गेलेले पैसे’ नाहीत. लोकांच्या दृष्टीने झालेली हानी केवढी, हे जीडीपीच्या फूटपट्टीवर दाखवलं आहे, इतकंच. बातम्यांमध्ये हा भेद हमखास गळतो.

म्हणून छोटा आकडाच खरा, असं म्हणणं मात्र मला पटत नाही. कमाईच्या हिशेबात निवृत्त माणसाचा मृत्यू जवळजवळ फुकट पडतो. घरकामाची वेगळी भर घातली नाही, तर दिवसभर घरात राबणारी बाईही शून्यात जाते. दूषित हवेने जास्त मरतात ते म्हातारेच. दुसरी पद्धतही या पेचातून सुटली नाही. अमेरिकेत २००३च्या सुमारास एका सरकारी विश्लेषणाच्या पर्यायी हिशेबात सत्तरीच्या आतल्यांसाठी ३७ लाख डॉलर आणि त्यापुढच्यांसाठी २३ लाख डॉलर धरले गेले. ज्येष्ठांनी संताप व्यक्त केला आणि ही ३७ टक्क्यांची ‘सूट’ मागे घ्यावी लागली.

गरीब देशांचा प्रश्न आणखी अवघड आहे. तिथे अशा पाहण्या थोड्या, म्हणून श्रीमंत देशांतलं मूल्य घेऊन ते उत्पन्नाच्या प्रमाणात उतरवतात. २०१३च्या त्या हिशेबात कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १.२ हा घातांक होता. याचा अर्थ, उत्पन्न दहापट कमी असेल तर मूल्य जवळपास सोळापट कमी. इतकं उतरवूनही भारताचा आकडा ७.७ टक्क्यांवर राहिला, हे विसरू नये.

अलीकडच्या अभ्यासांनी तिसरी बाजू उघडली आहे. कॅलिफोर्नियात नासपती पेटीत भरणाऱ्या, छपराखाली काम करणाऱ्या मजुरांची रोजची नोंद तपासली गेली. बाहेरच्या हवेत घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण वाढले, की त्यांचं काम सुमारे ६ टक्क्यांनी मंदावत होतं. यांतलं कुणी मेलं नव्हतं. अशी घट २०१३च्या दोन्ही आकड्यांत कुठेच नाही. तिथे फक्त मृत्यू मोजले आहेत.