उजवा मेंदू कलावंत कधी झाला?

अर्धा मेंदू करडा, त्यात आकडे आणि सूत्रं. दुसऱ्या अर्ध्यात रंगांचे फवारे आणि संगीताची चिन्हं. हे चित्र क्लासच्या जाहिरातीत आणि मोबाईलवरच्या चाचण्यांत आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. "आमची मुलगी राइट ब्रेनची, गणित तिचा प्रांतच नाही," असं कौतुकानं सांगणारे पालकही भेटतात. या समजुतीचा माग काढत मागे गेलं की एक गंमत दिसते. दीडशे वर्षांपूर्वी उजवा मेंदू कलावंत नव्हता. युरोपातल्या बऱ्याच विद्वानांच्या लेखी तो अडाणी होता.

गोष्ट सुरू होते पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात. तिथे लेबोर्न नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षं पडून होता. काहीही विचारा, उत्तर एकच: "तान, तान". सगळे त्याला तान म्हणूनच ओळखत. बोललेलं त्याला बरंचसं कळायचं, हातवारे करून तो उत्तरंही द्यायचा. फारच चिडला तर मात्र देवाच्या नावानं एक सणसणीत शिवी त्याच्या तोंडून अख्खी बाहेर पडायची. एप्रिल १८६१ मध्ये उजव्या पायाला गँगरीन झालं म्हणून तो पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे आला आणि आठवड्याच्या आत वारला. ब्रोकानं मेंदू बाहेर काढून पाहिला, तर डाव्या बाजूला कपाळामागच्या भागात खड्डा पडलेला. आणखी रुग्ण पाहून झाल्यावर १८६५ मध्ये त्यानं जाहीर केलं की आपण डाव्या गोलार्धानं, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्ध्यानं, बोलतो. हे आपल्या वडिलांनी १८३६ मध्येच लिहून ठेवलं होतं, असा दावा गुस्ताव्ह डाक्स यांनी केला. श्रेयाचा तो वाद अजून मिटलेला नाही.

ब्रोकाचा शोध नेमका होता: वाचेचं एक ठिकाण सापडलं. पण भाषा म्हणजे बुद्धी आणि बुद्धी म्हणजे सुसंस्कृत माणूस, असं समीकरण त्या काळी पक्कं होतं. त्यामुळे डावा गोलार्ध एकदम घरातला कर्ता झाला. उजव्याच्या वाट्याला आलं ते उरलेलं सगळं: भावना, वेड, पशुत्व, आणि त्या काळच्या पुरुषांच्या मते स्त्रीत्वसुद्धा. वसाहतींवर राज्य करणाऱ्या युरोपला ही वाटणी सोयीची होती. लंडनच्या ह्युलिंग्ज जॅक्सनसारखे मोजके डॉक्टर सांगत होते की उजव्यालाही स्वतःची कामं आहेत, वाचा गेलेल्या रोग्याच्या तोंडून निघणारी शिवी कदाचित तिथूनच येत असेल. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९०३ मध्ये इंग्लंडात दोन्ही हातांना सारखंच शिकवावं म्हणून एक संस्था निघाली. एका हातानं पत्र लिहायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं पियानो वाजवायचा, इथवर त्यांची स्वप्नं गेली. आज दोन्ही हातांनी लिहायला शिकवणाऱ्या क्लासचे हे पणजोबाच.

उजव्याचं नशीब पालटलं ते कॅलिफोर्नियात. दोन्ही गोलार्धांना जोडणारा पांढऱ्या तंतूंचा एक जाड पट्टा असतो, कॉर्पस कॅलोसम. त्यात सुमारे वीस कोटी तंतू असतात. औषधांना दाद न देणारी आकडी एका बाजूकडून दुसरीकडे पसरू नये म्हणून हा पट्टा कापण्याची शस्त्रक्रिया १९४० च्या सुमारापासून अधूनमधून होत होती. कापल्यावर माणसात काहीच फरक दिसत नाही, असं डॉक्टर म्हणत. मेंदूचे अभ्यासक रॉजर स्पेरी यांना ते पटत नव्हतं. १९६२ मध्ये महायुद्धात लढलेल्या एका माजी सैनिकावर ही शस्त्रक्रिया झाली आणि स्पेरी यांचा विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यानं त्याच्या चाचण्या घेतल्या. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायला सांगून डावीकडे क्षणभर चित्र दाखवलं की ते फक्त उजव्या गोलार्धाला पोचतं. डावा हातही उजवा गोलार्धच चालवतो, आणि उजवा हात डावा. सैनिक म्हणायचा, "काही दिसलं नाही." आणि त्याच वेळी त्याचा डावा हात बटण दाबून दिसल्याची खूण द्यायचा! ठोकळ्यांची नक्षी डावा हात झटपट जुळवी, उजवा धडपडे. मग डावा न राहवून मदतीला धावे, आणि त्याला अडवून धरावं लागे.

पुढच्या दशकात आणखी मजेदार प्रयोग झाला. एका मुलाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फाळ देखावा. समोरच्या चित्रांतून उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्यानं फावडं. फावडं का, असं विचारल्यावर बोलका डावा गोलार्ध क्षणभरही अडखळला नाही. खुराडं साफ करायला फावडं लागतंच की, असं त्याचं उत्तर. फावडं खरं तर बर्फ उपसायला निवडलं होतं, पण बर्फ त्यानं पाहिलेलाच नव्हता. डाव्याला तर्कनिष्ठ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावं.

स्पेरी यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं, पण कल्पना त्याआधीच प्रयोगशाळेबाहेर पडली होती. ते दिवस व्हिएतनाम युद्धाला, यंत्रांना आणि कोरड्या तर्काला विटलेल्या तरुणांचे होते. त्यांना दडपलेला, मुका, सर्जनशील उजवा मेंदू हवाच होता. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ऑर्नस्टीन यांनी १९७२ मध्ये डाव्याची सांगड पश्चिमेशी आणि उजव्याची पूर्वेच्या ध्यानपरंपरांशी घातली. म्हणजे पाणिनीचं व्याकरण आणि पावकी-निमकीचे पाढे पाठ करणारे आपण सगळे एका फटक्यात तर्काबाहेरचे ठरलो. शंभर वर्षांपूर्वी हाच उजवेपणा हिणवायला वापरला होता, आता कौतुकाला. मेंदू तोच राहिला. पाठोपाठ जनरल इलेक्ट्रिकमध्ये नेड हर्मन यांनी व्यवस्थापकांच्या विचारशैली मोजायची प्रश्नावली तयार केली आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत डावे-उजवे रुळले. या वाटणीच्या मागे लागून वाहवत जाणं फार सोपं आहे, असं स्वतः स्पेरी यांनी ऐंशीच्या दशकात बजावलं होतं. पट्टा शाबूत असलेल्या माणसात दोन्ही गोलार्ध एकत्रच काम करतात.

भाषा बहुतेकांची डावीकडे असते, डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांची. उजव्या गोलार्धाला इजा झाली तर काही रोगी डावीकडचं जगच विसरतात, ताटाचा डावा अर्धा तसाच ठेवून उठतात. म्हणजे कामांची वाटणी खरी आहे, माणसांची नाही. २०१३ मध्ये युटा विद्यापीठानं ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले, आणि एकंदर डावी किंवा उजवी बाजू जास्त जोरात चालणारी माणसं काही त्यात सापडली नाहीत.

डावा-उजवा जुना झाल्यावर बाजारानं मधला शोधला. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग महाराष्ट्रातही निघाले. हजारो रुपये भरायचे, मग मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणार! मध्यमेंदू खरोखर असतो. डोळ्यांची हालचाल, बाहुलीचं लहानमोठं होणं अशी कामं तो जन्मापासून करत असतो, तो 'सुरू' करावा लागत नाही. मंगळुरूच्या नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवाद्यांनी या मुलांची परीक्षा घेतली. पट्टी आणि नाक यांच्यामधली फट नीट बुजवली की वाचन थांबत होतं.