पोर्तुगालच्या डी-7 व्हिसासाठी पेन्शनचा पुरावा: फाइल देण्यापूर्वी एवढे वाचा

डी-7, म्हणजे पेन्शनसारख्या नियमित उत्पन्नावर पोर्तुगालमध्ये राहण्याचा व्हिसा. त्याची चौकशी करायला येणारे निवृत्त ग्राहक बहुधा एकच कागद घेऊन येतात: पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स. "सरकारी कागद आहे, शिक्का आहे, आणखी काय हवं?" हा प्रश्न त्यापाठोपाठ हमखास येतो. म्हणून हे पत्रक.

अट आपल्याला माहीत असेलच. पोर्तुगालच्या किमान वेतनाइतके नियमित उत्पन्न घरबसल्या मिळते आणि ते किमान वर्षभर पुरेल, हे दाखवायचे. 2024 मध्ये हे वेतन महिना 820 युरो होते, 2025 मध्ये 870 झाले. ते दर जानेवारीत वाढते, त्यामुळे शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून बसू नका. पत्नी किंवा पती सोबत असतील तर निम्मी रक्कम आणखी. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर 870 च्या हिशेबाने एकट्याला 87,000 आणि जोडप्याला 1,30,500 रुपये महिना. ईपीएस-95 च्या (भविष्य निर्वाह निधी योजनेतल्या) पेन्शनवर हे जमणार नाही, ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो.

आता मुख्य अडचण. पीपीओवर आपण निवृत्त झालात त्या दिवशीची मूळ पेन्शन असते. बँकेत जमा होते ती रक्कम वेगळीच. समजा, मूळ पेन्शन 80,000 आहे आणि आपण 40 टक्के विकली, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे एकरकमी आधीच घेतले. मग 32,000 वजा, उरले 48,000. महागाई वाढ मात्र विकण्याआधीच्या पूर्ण 80,000 वर मिळते. ती 55 टक्के धरली तर 44,000. खात्यात येतात 92,000. टीडीएस कापला जात असेल तर आकडा आणखी हलतो. 2016 पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या पीपीओवर तर सातव्या वेतन आयोगाच्या आधीची रक्कम असते आणि सुधारित आदेश कुठल्या तरी फाइलमध्ये पडलेला असतो.

आपल्याला हे सगळे तोंडपाठ असते, वकिलातीतल्या अधिकाऱ्याला अंशराशीकरण (पेन्शनचा भाग असा विकणे) म्हणजे काय हे कळायचे कारण नाही. त्याला एका कागदावर 80,000 दिसतात, दुसऱ्यावर 92,000, फॉर्म 16 वर तिसरेच. तो खुलासा मागतो, आणि मग कोषागार, बँकेचे पेन्शन केंद्र, महालेखापाल कार्यालय असे हेलपाटे सुरू होतात. तोवर पोलिस दाखला जुना होतो आणि अपोस्टिलसकट (परदेशात कागद चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी प्रमाणनासकट) पुन्हा काढावा लागतो. वेळ जातो तो इथेच, व्हिसाच्या रांगेत नाही.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: पेन्शन देणाऱ्या बँकेचे चालू तारखेचे पत्र आल्याशिवाय आम्ही फाइल पुढे पाठवत नाही. मूळ पेन्शन, विकलेला भाग, महागाई वाढ, कपात आणि हातात येणारी रक्कम, सगळे त्या एका पत्रात हवे. काही ग्राहक यावर रागावतात. "दुसरा एजंट पासबुकावर करून देतो" असेही ऐकवतात. देत असेल, खुलाशाचे पत्र आल्यावर तेच ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा काम दुप्पट झालेले असते. पत्राचा मसुदा आम्ही तयार करून देतो, बँकेला फक्त आकडे भरून सही-शिक्का करायचा असतो. इंग्रजी हिशेबपत्रक आमच्या फीमध्येच धरलेले आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

खात्याच्या उताऱ्यात दर महिन्याची जमा सलग दिसू द्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहिला की पेन्शन थांबते आणि नंतर थकबाकी एकदम जमा होते. परक्या माणसाला ते मुलाने टाकलेले पैसे वाटतात. असे झाले असेल तर लपवू नका, आधीच सांगा. बँकेच्या पत्रात एक ओळ वाढवून घेतली की भागते. रक्कम कमी पडते म्हणून अर्जाच्या तोंडावर एफडी मोडून खाते फुगवू नका. त्यापेक्षा नोंदणीकृत करारावरचे घरभाडे किंवा एफडीचे व्याज जोडता येते. एफडी मोडलीत तर ते व्याजही गेले.

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुले-नातवंडे यांची वाट बहुधा नागरिकत्वाची आहे, डी-7 ची नाही. त्यांनी आधी तेवढे विचारून घ्यावे. त्या चौकशीची आम्ही फी घेत नाही.

व्हिसा मिळेलच अशी हमी आम्ही देत नाही, कोणी देत असेल तर जपून. पहिल्या भेटीला मूळ पीपीओ, सुधारित आदेश असल्यास तो, फॉर्म 16 आणि बँकेचा वर्षभराचा उतारा आणा. पासबुकाची पाने नकोत, त्यावर पुष्कळदा "पेन्शन" हा शब्दच अर्धा छापलेला असतो. मूळ पीपीओ आम्ही ठेवून घेत नाही, पाहून लगेच परत देतो.