हुशार पात्र आणि लढणारं पात्र, आमच्या घरातला एक वाद

माझा भाचा अकरावीत आहे आणि सध्या फॅन्टसी लिहितोय, म्हणजे मोबाईलवर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, आणि ताई माझ्यावर चिडते कारण हा नाद मीच लावला. त्याचा हिरो एका विणकराचा पोरगा आहे (सोलापूरचा वास यायला पाहिजे म्हणे गोष्टीला), डोक्याने एकदम तल्लख, राजवाड्यातली सगळी कारस्थानं बसल्या जागी उलगडतो. पहिले आठ भाग खरंच मस्त जमलेत. नवव्या भागात लढाई लागते आणि ज्याने जन्मात कधी काठी फिरवली नाही तो हा पोरगा तलवार उपसतो आणि वीस माणसं कापून काढतो. मी म्हटलं हे काय बे, हा शिकला कधी? तर म्हणतो, "मामा, तो हुशार आहे ना. समोरच्याची पुढची चाल त्याला आधीच कळते."

पार्क चौपाटीवर भजी खाताखाता सुरू झालेला हा वाद घरी येईपर्यंत चालला, आणि मग त्याने हुकमाचा पत्ता टाकला, की गेम ऑफ थ्रोन्स या इंग्रजी सिरियलमधला बुटका टिरियन लॅनिस्टर पण नुसता हुशारच होता, तो नाही का लढला? प्रश्न बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय, कारण डोकं चालणं आणि हात चालणं या दोन गोष्टी आपण वाचताना सर्रास एकच धरतो. बुद्धिबळ चांगला खेळतो म्हणजे युद्धपण जिंकणार, असं काहीतरी.

गंमत म्हणजे आपल्या लोकांनी हा फरक पेशवाईतच मोजून ठेवलाय, तोही चक्क आकड्यात. साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, निजामाकडचा विठ्ठल सुंदर आणि नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. शाळेत असताना मला वाटायचं अर्धा म्हणजे अर्धवट, आणि नानांबद्दल उगाच वाईट वाटायचं. पण कारण सांगतात ते असं की बाकीचे तिघं मुत्सद्दीपण होते आणि वेळ पडली तर तलवारपण धरायचे, नाना फक्त मुत्सद्दी. म्हणजे अख्ख्या दरबाराला बोटावर नाचवणारा माणूस, पण रणातले मार्क शून्य म्हणून बेरीज अर्धी. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनला लढाईतच मारला गेला. नाना पानिपतावर होते, तेव्हा वय अठराच्या आसपास, आईला घेऊन तीर्थयात्रेच्या निमित्ताने गेलेले, आणि तिथून जीव वाचवून कसे परतले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आई तिथेच गेली. लपूनछपून, चालत, कसेबसे आले आणि ते लिहिताना उगाच शौर्याचा आव आणला नाही, हे मला फार आवडतं.

आणि याच माणसाने पुढे १७९५ ला खर्ड्यावर निजामाविरुद्ध शिंदे, होळकर, भोसले अशी एकमेकांचं तोंड न बघणारी मंडळी एका बाजूला आणून उभी केली. खर्डा काय आपल्यापासून फार लांब नाही, जामखेड तालुक्यात. पण तिथे रणात सैन्य चालवलं ते परशुरामभाऊ पटवर्धनांनी. जोडणी नानांची, मैदान भाऊंचं. लढाई जिंकली, आणि नानांनी तलवार उपसली नाही म्हणून कुणाला काही कमी वाटलं नाही.

आता भाच्याच्या "आधीच कळते" वाल्या मुद्द्याकडे येतो कारण खरी गोम तिथे आहे. लहानपणी आमच्या शेजारी एक काका होते, चाळीस वर्षं मागावर काढलेली. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवायचे, दोन टोकं धरायचे, बोटात काहीतरी व्हायचं आणि गाठ बसलेली असायची, आणि हे सगळं माझ्याकडे बघून गप्पा मारत. मी एकदा म्हटलं काका हळू करून दाखवा ना, मला शिकायचंय. त्यांनी हळू करायला घेतलं आणि गाठ चुकली. परत घेतलं, परत चुकली. मग स्वतःच हसायला लागले, म्हणाले हळू येत नाही रे, बोटांना विचार. तेच दुसऱ्या बाजूला चादरीचं डिझाइन करणारा माणूस बघा, जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पंच करणारा. कुठल्या वेळी ताण्याचे कुठले धागे वर उचलले जाणार ते त्या भोकांनी ठरतं, म्हणजे चादर विणायच्या आधीच मोर त्याच्या डोक्यात विणून झालेला असतो. हे काम प्रचंड हुशारीचं आहे. पण त्याला मागावर उभं केलं आणि धागा तुटला तर त्याची हुशारी गाठ मारणार नाही.

लढवय्या म्हणजे ते काका. मानेवर येणारा वार बघून, हा असा येतोय, म्हणजे मी असं केलं पाहिजे, असा विचार करायला वेळच नसतो, विचार पूर्ण होईपर्यंत मान खाली असते. हात आधी उठतो आणि डोक्याला नंतर कळतं, आणि हात असा उठायला वर्षानुवर्षं तेच ते करत राहावं लागतं. मी स्वतः बाळीवेशीकडच्या एका तालमीत दीड महिना गेलो होतो, जायच्या आधी सगळे डाव मला नावानिशी पाठ, कोण कुठला डाव टाकतोय ते यात्रेच्या फडात बाहेर बसून बरोबर ओळखायचो. पहिल्याच कुस्तीत माझ्याहून बारीक पोराने पट काढला (पाय धरून पाडलं), तोंडात लाल माती गेली, अर्ध्या मिनिटात छाती भात्यासारखी, आणि पाठ असलेल्यापैकी एक डाव आठवेना. समोरचा काय करणार हे मला कळलं नव्हतं असं नाही हां. कळलं होतं. पाय हलला नाही.

तर टिरियन. त्याच्या दोन लढाया आहेत आणि दोन्ही नीट बघण्यासारख्या आहेत. पहिली ग्रीन फोर्कची. सिरियलमध्ये (पहिला सीझन, २०११) तर विषयच संपवलाय, लढाईला धावत निघालेल्या आपल्याच माणसाचा हातोडा डोक्यात बसतो आणि साहेब शुद्धीवर येतात तोपर्यंत सगळं आटपलेलं. हसू येतं, पण खरं वाटतं. १९९६ च्या मूळ पुस्तकात मात्र तो लढतो. अंगावर मापाचं नसलेलं, कुणाकुणाचं जमवलेलं चिलखत, हातात कुऱ्हाड, आणि शत्रूच्या एका सरदाराला तो पाडतो ते कसं, तर शिरस्त्राणावर जी अणी असते ती त्या सरदाराच्या घोड्याच्या पोटात घुसते म्हणून. यात कसबाचा भाग कमी आणि उंचीचा आणि नशिबाचा जास्त. त्याहून भारी गोष्ट म्हणजे बापाने त्याला डाव्या फळीत ठेवलेलं असतं ते ती फळी मोडावी म्हणूनच, शत्रू आत घुसावा आणि अडकावा म्हणून, आणि हे या सगळ्यात हुशार माणसाला लढाई होईपर्यंत कळत नाही. आणि बापालाही कळलेलं नसतं की शत्रूचा सेनापती रॉब स्टार्क बहुतेक सगळं घोडदळ घेऊन भलतीकडेच गेलाय. हुशारीवर हुशारी, आणि खाली चिखलात कुऱ्हाड घेऊन उभा असलेल्याला कशाचाच पत्ता नाही. लढाईतला शिपाई असाच असतो, त्याला त्याच्यासमोरचे चार हात दिसतात, बास.

दुसरी ब्लॅकवॉटर नदीवरची, राजधानी वाचवायची, दुसऱ्या पुस्तकात, १९९८ चं. इथे त्याचं खरं काम लढाईच्या आधी झालेलं असतं, शहरातल्या लोहारांकडून महिनोन्महिने साखळी बनवून घेणं, नदीच्या तोंडाशी ती ताणणं, हिरव्या आगीचे मडके साठवणं. कार्डं पंच करणारा माणूस, अगदी तोच. मग आगीला घाबरून क्लेगन हा त्यांच्याकडचा दांडगा लढवय्या माघार घेतो आणि टिरियनला स्वतः बाहेर पडावं लागतं. इथे पुस्तकात तो घोड्यावरून अंगात आल्यासारखा लढतो आणि बऱ्यापैकी माणसं लोळवतो, आणि माझं प्रामाणिक मत म्हणजे लेखकाने इथे लेकाचा जरा लाड केलाय. पण चालून जातं, कारण समोरची माणसं जळत्या जहाजांवरून उतरलेली, भिजलेली, अर्धी मेलेली असतात आणि हा चिलखत घालून घोड्यावर. आणि लगेच पुढे काय होतं? राजाच्याच अंगरक्षकांपैकी एक हात पुढे करतो, हा तो हात धरायला जातो, आणि तोच माणूस वार करतो. नाकाचा मोठा तुकडा जातो. ज्याने अख्ख्या दरबाराची कारस्थानं ओळखली त्याला हातभर अंतरावरचा दगा ओळखता आला नाही, कारण तिथे ओळखायला फुरसत नसते. वाचवतो कोण, तर पॉड्रिक, त्याचा पोरसवदा सेवक, बुद्धीबद्दल ज्याचं कुणी कधी कौतुक केलेलं नाही असा. शेवटी लढाई जिंकून देतं ते मागून आलेलं ताजं सैन्य. टिरियनच्या हुशारीने शहर तोवर तगवून धरलं, आणि ते काही थोडं नव्हे.

भाचा म्हणाला मग दोन्ही असणारा माणूस नसतोच का? असतो की, पण त्याने दोन्ही शिकलेलं असतं, एकातून दुसरं फुकट मिळत नाही. महाराजांचंच घ्या. १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाची भेट, त्यात बुद्धीचा भाग केवढा, खानाला जावळीच्या जंगलात उतरवणं, भेटीची जागा, अंगरख्याखाली चिलखत, टोपाखाली शिरस्त्राण, हे सगळं आधी. पण खानाने मिठीत मान दाबली त्या क्षणाला जे झालं ते लहानपणापासूनच्या मेहनतीचं. आणि तरीही सय्यद बंडा पट्टा घेऊन धावला तेव्हा त्याचा हात जिवा महालाने तोडला. होता जिवा म्हणून वाचला शिवा, हे आपण इतक्या वेळा म्हणतो की त्यात काय सांगितलंय तेच विसरतो. एवढ्या तयारीच्या, एवढ्या बुद्धीच्या माणसालाही शेजारी एक जिवा लागतो.

ऐयारांचं वेगळं. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर चंद्रकांता लागायची ती बघितलेल्यांना (यक्कू!) आठवत असेल, ऐयार म्हणजे वेशांतर, बेशुद्धीची पूड, कमंद (फासाचा दोर) टाकून भिंत चढणं. त्यांची हुशारी पटते कारण ती रात्री, एकट्याने, शत्रूला पत्ता नसताना चालते. दिवसाढवळ्या दहा हजारांच्या गर्दीत पूड कुणाला हुंगवणार.

त्यामुळे भाच्याला मी तलवार काढून टाक असं म्हटलंच नाही, उलट हिरोला लढाईत जाऊ दे म्हटलं, मजा तिथेच आहे. फक्त त्याचं डोकं आदल्या रात्री चालू दे. आणि एकदा शिरस्त्राण चढलं की त्याला आजूबाजूचं धड दिसू नये, ओरडलेलं कळू नये, सव्वा किलोची तलवार दहाव्या वाराला दहा किलोची वाटावी, आणि हो, भीती. ती घाल. महाभारतातल्या राजपुत्र उत्तराने रथात बसायच्या आधी केवढ्या बढाया मारल्या होत्या आणि कौरवांचं सैन्य दिसल्यावर रथातून उडी टाकून पळाला, त्यात न पटण्यासारखं काही आहे का?

भाचा तेव्हा काही बोलला नाही, उठला आणि गेला. काल रात्री दीडला नववा भाग परत आला. आता हिरोने आदल्या रात्री शत्रूच्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीला सुताचे धागे ताणून ठेवलेत, घोडे अडखळावेत म्हणून. मी म्हटलं सुताने घोडा अडत नाही बे, दोर तरी घे. सकाळी पोरगं पळ काढणाऱ्या एका घोड्याखाली सापडतं, तलवार म्यानातच अडकून राहते, आणि त्याला बाहेर ओढते ती शेजारच्या तालमीतल्या वस्तादाची मुलगी, जिला आठ भागांत एक वाक्यपण दिलेलं नव्हतं. तिचं नाव अजून ठरत नाहीये, तुम्हाला काही सुचलं तर सांगा, जिवाला जोडून काहीतरी हवंय म्हणे.