नागपूर ते न्यूयॉर्क: किलोमीटर किती, तास किती?

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला निघालेली मंडळी आमच्याकडे तिकिटाच्या चौकशीला आली की पहिला प्रश्न ठरलेला: "मुंबईहून जवळ पडेल की दिल्लीहून?"

भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसते, म्हणून मुंबई सोयीची वाटते. पण ग्लोबवर नागपूर आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून पाहा. तो पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो आणि जवळजवळ दिल्लीवरूनच जातो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचे सरळ हवाई अंतर सुमारे 12,600 किलोमीटर आहे. दिल्लीमार्गे ते फारसे वाढतच नाही. मुंबईमार्गे सुमारे 13,200 आणि कतारमधल्या दोहामार्गे 13,600 च्या आसपास जाते.

तरीही नुसते किलोमीटर बघून तिकीट काढू नका. तास ठरतात ते वाऱ्यावर, वळशावर आणि मधल्या थांब्यावर. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येतानाचे उड्डाण जातानापेक्षा साधारण तासभर कमी वेळाचे, हिवाळ्यात कधी फरक त्याहूनही मोठा. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेला पॅसिफिकवरून नेले. रस्ता हजाराहून अधिक किलोमीटरने लांबला, पण वारा पाठीशी असल्याने जवळपास दोन तास वाचले! उलट, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली आणि त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला. परदेशी कंपन्यांना ती बंदी नाही.

आता तिकीट कसे वाचायचे ते. समजा, जानेवारीत दिल्लीहून पहाटे 2 ला सुटून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 7 ला पोचते असे छापले आहे. पाच तासांत अमेरिका? छे. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे प्रवास झाला साडेपंधरा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा असतो. शिवाय छापलेल्या वेळेत विमानाचे धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर टर्मिनलला लागणे धरलेले असते, त्यामुळे हवेतला वेळ थोडा कमीच.

खरी दमछाक होते ती विमान बदलताना. नागपूरचे विमान दिल्लीत टर्मिनल 1 वर उतरले आणि अमेरिकेचे टर्मिनल 3 वरून असले, तर बॅगा घेऊन रस्त्याने जावे लागते. दोन्ही तिकिटे वेगवेगळी असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढची कंपनी थांबत नाही की पैसे देत नाही. म्हणून शक्यतो एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणात, तिकीट घ्या. तसे नसेल, तर मध्ये किमान पाच तास ठेवा असे आम्ही सांगतो, मग कोणी आम्हाला भित्रे म्हटले तरी चालेल. परतताना भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे कस्टमसाठी बॅगा स्वतः उचलाव्या लागतात, तोही वेळ धरा. दोहामार्गाचा फायदा इथेच दिसतो: भारतातले इमिग्रेशन नागपुरातच उरकते आणि तिकीट एकत्र असेल तर जाताना बॅग थेट अमेरिकेत मिळते. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना हजार किलोमीटर जास्तीचे परवडतात.

चौकशीला येताना पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि तिकडचा पत्ता आणा. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा.