दुधाचा डबा आणि दुधाचे दान

चवथीआधी आमच्या गटाने फोंड्याच्या बाजारात टेबल मांडले होते. कमी दिवसांच्या बाळांसाठी निधी हवा होता आणि फलकावर लिहिले होते, ‘दूधदानाला हातभार लावा’. संध्याकाळी पेटीत थोडे पैसे आणि टेबलाखाली पावडरीचे डबेच डबे! चूक आमच्या फलकाची. दूधदान म्हटले की कुणाला डबा आठवतो, कुणाला आईचे दूध.

डब्यांचे दान कायद्यातच बसत नाही. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या अनाथाश्रम सोडून कुणाला वाटायला १९९२ च्या कायद्याने मनाई केली. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. कारण साधे आहे. फुकटचा डबा चार दिवसांत संपतो. तोवर बाळ अंगावर कमी ओढते, म्हणून आईचे दूध आटते. पुढचा डबा विकत आणायचा, तो पुरवायला पाणी वाढवायचे, बाटली नीट उकळायची नाही, मग जुलाब. ज्या बाळाला पावडर खरेच लागते, त्याला डॉक्टर लिहून देतात.

आईच्या दुधाचे दान मिल्क बँकेत होते. आशियातली पहिली बँक १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. स्वतःच्या बाळाचे पोट भरून दूध उरते अशी आईच देऊ शकते. आधी तिची एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस यांची तपासणी होते. मग दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवून, जंतू नाहीत ना हे पाहून उणे २० अंशांवर ठेवतात. देणाऱ्या आईला मोबदला नसतो.

हे ऐकून टेबलापाशी उभ्या काकी म्हणाल्या, “संभाजीराजांच्या धाराऊला कुणी गो तपासले होते?” निरुत्तर करणारा प्रश्न! पण धाराऊ डोळ्यांसमोरची बाई होती, बाळ तिच्या अंगावर पीत होते. बँकेतली बाटली अनोळखी आईची, आणि जाते किलोभर वजनाच्या बाळाच्या पोटात. म्हणूनच व्हॉट्सअॅपवर विचारून शेजारणीचे दूध आणून पाजणे हेही बँकेचे दूधदान नव्हे.

डबे अनाथाश्रमात पोचवले. नव्या फलकावर ‘दूध’ हा शब्दच नाही: ‘बांबोळीच्या रुग्णालयात बाळापाशी थांबलेल्या आईचे जेवण आणि सत्तरी तालुक्यातून येण्याजाण्याचे बसभाडे’. काकींनी तो वाचला, पिशवीतला डबा परत आत सरकवला आणि पर्स उघडली.